बिननावाचं ताट

माझी बायको ललिता गेल्याचं मला कळलं तेव्हा मी भंडाऱ्याला, आमच्या मंडळाच्या आवारात, जेवून हात धूत होतो. फोन मनालीचा होता. मनाली माझी मुलगी, तुमसरला शाळेत शिकवते. रविवार होता म्हणून सिहोऱ्याला घरी आली होती.

"बाबा, घरी या," ती म्हणाली.

"काहून, काय झालं?"

ती नुसती रडत राहिली. मग शेजारच्या बेबीबाईनं तिच्या हातून फोन घेतला.

"भाऊजी, बाई गेली जी. धान चुरण्याच्या मजुरायले वाढलं, भांडे उचलले न आंगनात बसली ते बसलीच. सगळ्यायले जेवू घातलं, सोता जेवलीच नाही."

बेबीबाई पुढेही बोलली असेल. मला तेवढंच आठवतं. सोता जेवलीच नाही.

मी पिशवी घ्यायला पंगतीत परत आलो. माणसं उठली होती. माझ्या ताटाच्या उजवीकडे एक ताट होतं. आधी त्याच्याकडे माझं नीट लक्ष गेलं नव्हतं. वाढप्यानं त्यात वाढलेलं मी जेवताना पाहिलं होतं. वाटलं, कोणी उशिरा येणार असेल. त्या जागेवर मी कोणालाच बसलेलं पाहिलं नाही. डावीकडे माझा जुना सोबती इश्वर होता, मी त्याच्याशीच बोलत होतो. पण आता ते ताट जेवून झालेलं होतं. भात संपला होता, वरण पुसून घेतलं होतं, गिलास ताटात उलटा ठेवला होता.

आणि माझ्या ताटाच्या काठाला चिमूटभर मीठ होतं.

मीठ वाढप्यानं वाढलं असेल, असं कोणीही म्हणेल. पण मला वरून मीठ लागतं आणि मी ते मागायला नेहमी विसरतो. एकोणचाळीस वर्षं ललिता जेवायला बसली की आधी आपल्या ताटातलं मीठ बोटानं उचलून माझ्या काठाला लावायची. जेवताना त्या दिवशी मी त्यातलं थोडं मीठ खाल्लं होतं. कोणी लावलं ते पाहिलं नव्हतं.

एवढं सगळं तेव्हा मनात आलं नाही. इश्वरनं मला गाडीत बसवलं. ते नंतर, तिला पोचवून आल्यावर, घर रिकामं झालं तेव्हा आलं.

आता मंडळाचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमचं एकपंगत मंडळ मूळ नागपूरचं. विद्यापीठात शिकणाऱ्या खेड्यांतल्या पोरांनी ते काढलं. नियम एकच होता. जात कोणतीही असो, जेवायला एका रांगेत बसायचं. भंडाऱ्याची शाखा त्यानंतर वर्षभरात निघाली. पवनी, लाखांदूर, तुमसर, साकोलीकडची पोरं भंडाऱ्याला कॉलेजात यायची. त्यांना खोल्या मिळायच्या नाहीत, आमच्यासारख्यांना तर नाहीच. एका धान व्यापाऱ्यानं आपलं जुनं गोदाम राहायला दिलं. पोरं तिथं राहायची, आळीपाळीनं रांधायची आणि एका रांगेत जेवायची. नागपूरचं मंडळ पुढं भांडणात बंद पडलं. आमची शाखा राहिली. आता कोणी तिथं राहत नाही, पण दरवर्षी जानेवारीत, धान घरात आलं की, सगळे जुने सभासद एक दिवस जमतात आणि पंगत होते.

प्रत्येक सभासदानं घरून ताट आणायचं असायचं. पितळेचं, त्यावर आपलं आणि गावाचं नाव टाकलेलं. कॉलेज संपलं तरी ताट घरी न्यायचं नाही. ते मंडळाच्या लाकडी पेटीत राहतं आणि वर्षातून एकदा आपण त्यात जेवतो. माझं आहे. "तेजराम, सिहोरा." माझ्या बापानं तुमसरला टाकून घेतलं होतं.

सभासद वारला की त्याचं ताट तीन वर्षं पंगतीत मांडतात. त्यात सगळ्यांच्या आधी वाढतात. मग त्याचं नाव घेऊन म्हणतात, "ये गा, जेवून घे." सगळे थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसतात आणि मग जेवतात. त्या ताटातलं अन्न वैनगंगेत सोडतात. तिसऱ्या वर्षी ताटही सोडतात. मग त्याला परत बोलवायचं नाही.

आम्ही बौद्ध घरचे. मेलेल्याला जेवू घालणं आमच्या घरी होत नाही. माझ्या बापानं ते सोडलं आणि मीही कधी केलं नाही. मंडळातलं मी आठवण म्हणून धरत होतो. जुन्या मित्राचं नाव मोठ्यानं घेतलं जातं, यात वाईट काय. अन्न तर जसंच्या तसं नदीत जायचं. मी स्वतः किती वेळा नेऊन सोडलं आहे.

ललिता गेल्यानंतर महिन्याभरानं मी इश्वरकडे गेलो. तो भंडाऱ्यातच राहतो, पेटीची किल्ली त्याच्याकडे असते. मी त्याला त्या उजवीकडच्या ताटाचं विचारलं.

"ते होय? अरे, या वर्षी आचारी नवा होता न," तो म्हणाला. "त्यानं पेटी उपसून बुडातलं पण मांडून टाकलं. नाव-गाव काही नाही त्याच्यावर. कोणाचं आहे, मले तरी माहीत नाही."

"मी घेऊन जाऊ?"

"ने न बाप्पा. मंडळाच्या पेटीत बिननावाचं ताट ठेवून करतो काय?"

तो माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल, बायको गेली, याला काहीतरी धरायला पाहिजे. ते खरंही होतं.

घरी आणून मी ते चिंचेनं घासलं. जड ताट आहे, जुन्या घडणीचं. दुपारी भात केला, वरण केलं. माझं घरचं ताट घेतलं आणि उजवीकडे ते मांडलं. त्यात वाढलं. कोणाला ये म्हणालो नाही. तसं म्हणायची मला लाज वाटली. माझं जेवण झालं तरी ते ताट तसंच होतं. मी विहिरीवर हात धुवायला गेलो, बेबीबाईशी दोन शब्द बोललो आणि आत आलो. ताट रिकामं होतं.

मांजर म्हणावं तर मांजरानं गिलास उलटा कसा ठेवावा? तो मीच ठेवला असेल, असंही वाटलं. जेवण झालं की गिलास उलटा करून ताटात ठेवायचा, म्हणजे वाढणारा परत वाढत नाही, ही आम्हा मंडळवाल्यांची सवय. ललिता त्यावरून मला हसायची. "घरात कोन वाढून राहिलं जबरदस्तीनं?" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून बाहेर गेलो. तसंच झालं. आणि माझ्या ताटाच्या काठाला मीठ होतं.

मी रडलो. भीती वाटली नाही. मला वाटलं, उपाशी गेली होती, आता जेवते आहे. त्या दिवशीही ती आधी भंडाऱ्याला माझ्याकडेच आली, हेही मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी रोज दोन माणसांचं रांधू लागलो.

मनालीला कळायला उन्हाळा उजाडला. ती रविवारी आली आणि तिनं दोन ताटं पाहिली.

"बाबा, हे काय आहे?"

"तुझ्या आईचं आहे."

"आई गेली बाबा," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आणि आपण हे करतो का? आजोबानं काय शिकवलं तुमाले? आई असती तर तिनंच हे ताट अंगणात फेकलं असतं!"

"फेकलं नसतं. जेवली असती."

"मांजर येते स्वयंपाकघरात, बाबा. खिडकीला जाळी लावून घ्या."

ती तुमसरहून रोहू घेऊन आली होती. रागारागात रांधली आणि माझ्या ताटात वाढली. दुसऱ्या ताटाला तिनं हात लावला नाही. मी वाढलं. फोडी वाढताना माझा हात थांबला होता, कारण ललिता मासोळी खात नव्हती. लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून तिला वासही चालायचा नाही. पण घरात दुसरं काही नव्हतं. वाटलं, भात खाईल, फोडी ठेवील.

आम्ही जेवून ओसरीवर बसलो. ऊन पांढरं पडलं होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. थोड्या वेळानं मनाली पाणी प्यायला आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. मी आत गेलो तर ती ताटासमोर उभी होती.

रोहूच्या फोडी नव्हत्या. काटे होते. एकेक काटा साफ चोखलेला आणि ताटाच्या काठाला एकाशेजारी एक लावून ठेवलेला, मोठ्यापासून लहानापर्यंत. गिलास उलटा होता.

"मांजर काटे ठेवत नाही," मनाली म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, आई मासोळी खात नव्हती."

मी माझ्या ताटाच्या काठाकडे पाहिलं. मीठ होतं. मी तिला ते दाखवलं. तिनं पाहिलं आणि पदरानं तोंड पुसत बाहेर गेली. संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती, ती दुपारीच गेली. तेव्हापासून ती येते, पण स्वयंपाकघरात बसून जेवत नाही. ओसरीवर ताट घेते.

मी स्वतःची समजूत घातली. मेल्यावर माणसाला काट्याची कसली भीती, असं म्हणालो.

दिवाळीनंतर इश्वरचा फोन आला. येत्या जानेवारीत शाखेला साठ वर्षं होतात, स्मरणिका काढायची आहे, शाखेचा इतिहास तू लिही, तुला आता वेळ आहे. मी हो म्हणालो. पहिल्या वर्षांची माहिती मला नव्हती. त्या पहिल्या तुकडीतले आता सेवकरामभाऊ तेवढे उरले आहेत. दिघोरीला असतात, शेती करतात, पंच्याहत्तरी ओलांडली आहे. मी त्यांना फोन लावला. त्यांनी गोदामाच्या, व्यापाऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. एकदा आमटीत पाल पडली होती आणि दोन पोरांनी न सांगता ती काढून सगळ्यांना वाढलं होतं, हे सांगताना ते हसून हसून खोकले. मग मी सहज विचारलं, भाऊ, पेटीच्या बुडाशी एक बिननावाचं ताट होतं, ते कोणाचं?

ते हसायचे थांबले.

"कोनं काढलं ते?"

"आचाऱ्यानं चुकून मांडलं होतं गेल्या पंगतीत. आता माझ्याकडे आहे."

"त्यात वाढून तं नाही राहिला न तू?"

मी फळीवरच्या ताटाकडे पाहिलं.

"मी येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नातवाच्या गाडीनं आले. नातवाला बाजारात पाठवून दिलं आणि चहाही न घेता स्वयंपाकघरात गेले. ताट फळीवर होतं. त्यांनी ते हातात घेतलं नाही, लांबूनच पाहिलं.

"तेच आहे," म्हणाले. "मंगरूचं."

मग ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच लिहितो.

"मंगरू पहिल्या तुकडीतला. ढिवराचा, मासोळी धरनाऱ्याचा पोरगा, नदीकाठचा, पवनीकडला. सगळे ताट घेऊन आले, तो खाली हातानं आला. पळसाच्या पानावर जेवे. कोनी काही म्हणे नाही, पन रांगेत सगळ्यायचं पितळ चमके न त्याचं एकट्याचं पान. आमी पोरायनं मिळून त्याच्यासाठी ताट आनलं. कसार नाव टाकून देतो म्हणे. मंगरू म्हणे, नाही, मी समोर बसून टाकून घेईन, माझं नाव पितळेवर कसं उमटते ते मले पाहाचं आहे. गावाहून येतो न मग जातो म्हणे कसाराकडं."

"मग?"

"पुराचे दिवस होते. येताना नदीत डोंगा उलटला. बाकीचे निघाले. तो सापडलाच नाही गा."

सेवकरामभाऊ पाणी प्यायले आणि पुढं सांगू लागले.

"आमी त्याचं ताट पंगतीत मांडलं. तेव्हा रीत-बीत काही नव्हती, पोरं होतो, वाईट वाटलं म्हणून मांडलं. वाढलं. आमी इकडं तिकडं झालो न पाहातो तं ताट साफ. गिलास उलटा. ते गिलास उलटा ठेवाची सवय मंगरूची होय, तेजराम. दुसऱ्यानं वाढलं का त्याले नाही म्हनता ये नाही, म्हणून तो गिलास ठेवे. त्याच्या मागून सगळ्यायनं उचलली."

मी विचारलं, मासोळीचे काटे तो कसे ठेवायचा?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओसरीच्या जमिनीवर बोटानं ओळीत रेघा काढल्या, मोठीपासून लहानीपर्यंत.

"रोज जेवे तो," ते म्हणाले. "आमी भेलो. कोनी म्हणे नदीत सोडा. आता नदीनंच नेलं त्याले, तिलेच ताट कसं द्यावं? कोनी म्हणे नाव टाका, मग नाव घेऊन बोलवू, तीन वर्षं जेवू घालू, मोकळं करू. तिथून ही सगळी रीत निंघाली. पन त्याच्या ताटावर नाव टाकाले गेलो तं कोनाचा जीव होये ना. तो म्हणाला होता, मी समोर बसून टाकून घेईन. कसारानं छिन्नी उचलली न आमी पळून आलो. ताट बुडाशी टाकलं. बिननावाच्या ताटात कधी वाढाचं नाही, असं ठरलं. नाव नसलं का त्यावर कोन बसते, सांगता येत नाही."

"माझ्याकडे ललिता बसते," मी म्हणालो.

"ललिताबाई मंडळात होती का गा?"

"माझ्या शेजारी वाढलं होतं. ती त्याच वेळी गेली होती. उपाशी." मी मिठाचं सांगितलं. सांगताना माझा आवाज मोठा झाला असावा, कारण बेबीबाई कुंपणाजवळ येऊन उभी राहिली.

सेवकरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी माझा हात धरला. ते माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण त्यांनी हात जोडल्यासारखाच धरला.

"माझे आता किती दिवस आहेत? मी गेलो का मंगरूचं सांगनारा कोनी नाही. या जानेवारीत त्याचं नाव टाकू न त्याले बोलवू. पोरगा साठ वर्षं झाले, चुकून कोनी वाढलं तं जेवून राहिला. त्याले मोकळं कर, बाबा."

"आणि ललिता?"

"ती असन तं तिचं नाव टाक. तुले वाटते न तीच आहे? टाक मग. जेवली तं तीच."

"नाही जेवली तर?"

"तं समजून जाय," ते म्हणाले आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

नातू आला. जाताना ते गाडीत बसल्यावर परत म्हणाले, "पंगतीच्या आधी टाकून आन. कोनतंही टाक. पन बिननावाचं ठेवू नको."

त्या दुपारी मी वाढलं आणि पहिल्यांदाच तिथून उठलो नाही. समोर बसून राहिलो. काहीच झालं नाही. भात थंड झाला, वरणावर साय धरली. बराच वेळ झाला. मग माझी नजर क्षणभर माझ्या ताटाकडे गेली. मीठ काठाला होतं. मी वर पाहिलं तर दुसऱ्या ताटातला भात एका बाजूनं खाल्लेला होता.

तेव्हा जे मनात आलं ते लिहायला मला जड जातं. मीठ ललिताचंच आहे. याबद्दल मला शंका नाही. गिलास आणि काटे मंगरूचे आहेत. दोघंही आहेत. आणि मी ललिताला ओळखतो. दारात उपाशी पोरगा आला तर ती आधी त्याला वाढणार. शेवटच्या दिवशीही तिनं तेच केलं. म्हणजे वर्षभर मी जे वाढलं ते तिनं त्याच्यापुढे सरकवलं असेल. ताट एकच आहे. ती अजून जेवलीच नसेल.

मी दुसऱ्या दिवशी ताट घेऊन तुमसरला गेलो. मनाली सोबत आली. रस्त्यात ती मला म्हणाली, "बाबा, मंगरूचं टाका. तो पोरगा सुटेल. आई समजून घेईल." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "नाहीतर आईचं टाका. मले नाही समजत."

मलाही समजत नव्हतं. मंगरूचं नाव टाकलं तर तीन वर्षांनी तो जाईल आणि ताटही जाईल, मग ललितासाठी काय उरेल? दुसऱ्या ताटावर ती आलेली नाही. मी घरातलं तिचं रोजचं ताट मांडून पाहिलं आहे, त्यातला भात संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. ललिताचं नाव टाकलं तर तो पोरगा पुन्हा पानावर बसणार. आणि नाव टाकल्यावर कोणीच जेवलं नाही, तर मीठसुद्धा माझ्याच हातानं लावलं होतं, असं मला मान्य करावं लागेल.

कसार तरुण होता. आता मशीननं नाव टाकतात, पण त्याच्याकडे छिन्नीही होती. त्यानं ताट फिरवून पाहिलं, काठावरून अंगठा फिरवला.

"जुना माल आहे काका. असं पितळ आता भेटत नाही." मग पुन्हा काठ पाहिला. "रोजच्या वापरात आहे वाटते. कोणी जेवते का यात?"

"जेवते."

"कोण?"

मनाली माझ्याकडे पाहत होती. कसारानं छिन्नी उचलून ताटावर टेकवली.

"सांगा न जी. काय नाव टाकू?"

दुकानात उजवीकडे एक रिकामा पाट होता, गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेला. तिकडे पाहायचं मी टाळलं. कोणी समोर बसून पितळेकडे बघत असेल, असं मला वाटलं. मी कसाराच्या हातातून ताट घेतलं आणि पिशवीत ठेवलं. मनाली माझ्यासोबत उठली. बस स्टँडवर तिनं माझा हात धरून ठेवला.

पंगत येत्या रविवारी आहे. इतिहास मी इश्वरला दिला, त्यात गोदाम आहे, व्यापारी आहे, पहिली तुकडी आहे. सेवकरामभाऊंचे रोज फोन येतात. मी आता दोन नाही, तीन माणसांचं रांधतो आणि त्या ताटात जास्त वाढतो. ते रिकामं होतं.

ताटावर नाव टाकायचं राहिलं आहे.